पिवळ्या दिव्याखाली अंधार

गाडीत लाल दिवा लागला की माणूस घाबरतो, आणि एकदा घाबरला की पुढचं सोपं असतं. गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि मेव्हण्याला फोन लावायचा. पिवळ्या दिव्याचं तसं नाही. 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागतो तेव्हा गाडी मजेत पळत असते. आवाज नाही, धूर नाही, पिकअप होता तेवढाच. आणि हा म्हणतोय, इंजिन चेक करा. आता चेक करायचं म्हणजे करायचं काय? माणूस बॉनेट उघडतो, इंजिन जागेवर असल्याची खात्री करून घेतो, एखाद्या पाइपला उगीच हात लावून बोट पोळून घेतो आणि बॉनेट लावून टाकतो. दिवा तसाच.

त्यावरचं चित्र इंजिनाचं आहे असं गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं, म्हणून मानायचं. आमच्या सोसायटीत कुणी त्याला नळ म्हणतं, कुणी पाणबुडी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी "अहो, ते पंपाचं चित्र आलंय" असं सांगितल्यावर काका खाली जाऊन सोसायटीची पाण्याची मोटर बघून आले होते.

खरं सांगायचं तर या दिव्याला इंजिनाची काळजी तशी कमीच. सायलेन्सरमधून बाहेर काय पडतंय, ही त्याची चिंता. डॅशबोर्डवरचे बाकीचे दिवे गाडीमालकाच्या बाजूचे. हा एकटा मागून स्कूटरवर येणाऱ्याच्या बाजूचा. मालकाला तो आवडत नाही याचं कारण कदाचित हेच असावं.

याचं मूळ लॉस एंजेलिसमध्ये आहे. तिथल्या धुरकट हवेने लोकांचे डोळे चुरचुरायचे. ही हवा कारखान्यांनी नासवली असं सगळे धरून चालले होते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की हे प्रकरण तयार होतं. मग कॅलिफोर्निया सरकार मोटार कंपन्यांच्या जे मागे लागलं ते लागलंच. शेवटी गाडीने स्वतःच स्वतःवर नजर ठेवावी, इथपर्यंत गोष्ट आली. ओबीडी-टू नावाची ही व्यवस्था १९९६ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीची आहे. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, २०१३ पासून ओबीडी-टू आलं, आणि एप्रिल २०२० मध्ये पाचवी इयत्ता गाळून आपण बीएस-फोरमधून थेट बीएस-सिक्समध्ये गेलो. मालकांना शाळेत जे जमलं नाही ते गाड्यांना जमलं.

या व्यवस्थेत एक बारीकसा नियम आहे. गॅरेजांचं निम्मं अर्थकारण आणि गाड्यांबद्दलची जवळजवळ सगळी अंधश्रद्धा त्या एका नियमावर उभी आहे, असं माझं ठाम मत आहे. धुराच्या व्यवस्थेतला बहुतेक कुठलाही दोष एकदा दिसला म्हणून कॉम्प्युटर लगेच दिवा लावत नाही. मनात ठेवतो. पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा दिसला तर दिवा. आणि लागलेला दिवा आपणहून विझायचा तर सलग तीन फेऱ्या स्वच्छ जाव्या लागतात. फेरी म्हणजे इंजिन नीट तापून ती ती चाचणी पार पडेल इतकी. कोपऱ्यावरून दूध आणणं धरत नाहीत.

आता बघा काय होतं. दिवा लागला म्हणून तुम्ही कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाता. तिथला पोरगा बॅटरीचं टर्मिनल काढतो, चहा पितो, टर्मिनल लावतो. दिवा गेला! गाडीतलं घड्याळ बारावर आणि रेडिओवरची लावून ठेवलेली स्टेशनं गायब, पण दिवा गेला. तुम्ही पाचशे रुपये देऊन घरी येता, ही पहिली फेरी. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता, ही दुसरी. उड्डाणपुलाच्या चढावर दिवा परत हजर. गॅरेजात फोन केला की उत्तर ठरलेलं: "साहेब, काल तर गेला होता ना? तो प्रॉब्लेम संपला. हा दुसरा दिसतोय."

उलटंही होतं. एखादा दोष येऊन-जाऊन असतो. एका पंपावर भरलेलं पेट्रोल भेसळीचं निघतं, दिवा लागतो. ते पेट्रोल संपतं, तीन फेऱ्या नीट जातात आणि दिवा आपला आपण विझतो. मधल्या काळात मालकाने जे काही केलं असेल त्याला श्रेय. आमच्याकडे एकांनी शनिवारी लिंबू-मिरची बदलली आणि मंगळवारी दिवा गेला. तेव्हापासून ते लिंबं स्वतः निवडून आणतात. त्यांना तीन फेऱ्यांचा नियम समजावायला गेलं तर "तुमचा विश्वास नसेल तर राहू द्या" एवढंच म्हणतात, आणि मंगळवारी दिवा गेला होता हे आपल्यालाही नाकारता येत नाही.

एकच प्रसंग असा, की जिथे हा शांत दिवा खरोखर घाई करतो. तो लुकलुकायला लागला तर समजावं, सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय, न जळलेलं पेट्रोल मागे कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय आणि आतली महागाची जाळी वितळायला निघालीय. अशा वेळी गाडी सावकाश कडेला घेऊन थांबवायची असते. पण स्थिर दिव्याला घाबरून रात्रभर न झोपणारा माणूस लुकलुकणारा दिवा बघून निर्धास्त होतो. म्हणतो, "लूज कनेक्शन असणार."

काकांनी मग स्कॅनर मागवला. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात काडेपेटीएवढा डबा खोचायचा आणि मोबाइलला जोडायचा. निवृत्त माणसाच्या हाती स्कॅनर देणं किती धोक्याचं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी सोसायटीतल्या सगळ्या गाड्या तपासल्या. ज्यांचा दिवा लागलेला नव्हता त्यांच्याही. "दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं," असं म्हणत त्यांनी दोन निरोगी गाड्यांच्या मालकांची झोप उडवली.

स्कॅनर कोड दाखवतो. उदाहरणार्थ, पी ०४२०. त्याची रचना सरकारी जावक क्रमांकासारखी असते. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स विभाग, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, चार म्हणजे धूर-नियंत्रण खातं आणि उरलेले दोन आकडे म्हणजे नेमकी तक्रार. तक्रार अशी, की कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही. इथपर्यंत ठीक. गोंधळ पुढे आहे, कारण ही तक्रार नोंदवतो तो कन्व्हर्टरच्या मागे बसवलेला ऑक्सिजन सेन्सर. लोक कोड वाचतात, सेन्सरचं नाव ऐकतात आणि सेन्सर बदलतात. निरोप्याला फाशी दिल्यावर एखादी फेरी शांततेत जाते, मग नवा निरोप्या तोच निरोप घेऊन येतो.

खरं निदान मोबाइलच्या पडद्यावर बघता येतं आणि ते बघायला फार मजा येते. कन्व्हर्टरच्या पुढे एक सेन्सर, मागे एक. साध्या प्रकारचा पुढचा सेन्सर सतत वर-खाली नाचत असतो, ०.१ व्होल्टपासून ०.९ पर्यंत, कारण कॉम्प्युटर क्षणात पेट्रोल वाढवतो, क्षणात कमी करतो. कन्व्हर्टर ठणठणीत असेल तर मागच्या सेन्सरपर्यंत हा नाच पोचतच नाही. त्याची रेघ जवळपास सरळ जाते. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचायला लागला की कन्व्हर्टरने काम सोडलंय असा संशय घ्यावा. संशयच. कारण मागच्या सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरचा जोड गळत असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सरची दिशाभूल होते.

हे आमच्या मिस्त्रींना स्कॅनरशिवाय कळतं. त्यांनी काकांचा मोबाइल बाजूला ठेवायला सांगितला, पोराला गाडी चालू ठेवायला सांगितली, एका जाड फडक्याचा बोळा करून सायलेन्सरच्या तोंडावर दाबला आणि मान वाकडी करून ऐकत राहिले. गाडीच्या पोटाखालून फुस्स् असा बारीक आवाज आला. जोडावर काजळीचा काळा ओघळ होता. मिस्त्री म्हणाले, "गॅस्केट गेलंय." काका म्हणाले, "पण कोड तर कन्व्हर्टरचा आहे." मिस्त्रींनी फडकं झटकलं आणि म्हणाले, "मग त्यालाच विचारा." गॅस्केट दोन मिसळींच्या पैशात आलं.

सगळे असे नसतात. एका गॅरेजात मला यावर दोन उपाय सुचवण्यात आले. पहिला: मागच्या सेन्सरखाली एक पोकळ नट घालून तो धुराच्या वाटेतून जरा बाहेर काढायचा, म्हणजे त्याला कमी दिसेल आणि तो कमी बोलेल. दुसरा: कन्व्हर्टर फोडून "आतली घाण" काढून टाकायची, गाडी मोकळी पळेल. ही घाण म्हणजे प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा थर दिलेली चिनीमातीची जाळी. ती काढून द्यायचे पैसे ते घेणार नव्हते. शिवाय घाण टाकायला मला त्रास नको म्हणून ती स्वतःच ठेवून घेणार होते. अमेरिकेत चोर रात्री गाडीखाली झोपून करवतीने कन्व्हर्टर कापून नेतात. आपल्याकडे मालक स्वतः गाडी घेऊन जातो, वर चहाही मागवतो.

पी ०१७१ हा आणखी एक नेहमीचा पाहुणा. हवा जास्त, पेट्रोल कमी. कॉम्प्युटर आपल्या परीने पेट्रोल वाढवत राहतो आणि वीस-पंचवीस टक्के वाढवूनही भागेना की हात टेकून दिवा लावतो. बहुतेकदा कुठलातरी रबरी पाइप चिरलेला असतो आणि तिथून फुकटची हवा आत जात असते. चीर कुठे आहे हे शोधायला मोठ्या वर्कशॉपमध्ये धुराचं यंत्र असतं. आमच्या मिस्त्रींनी दुकानातल्या गणपतीपुढची उदबत्ती उचलली, आधी पेट्रोलची नळी कुठे ओली नाही ना ते हात फिरवून पाहिलं (हे न पाहता कुणी हा प्रयोग करू नये), आणि चालू इंजिनाच्या प्रत्येक पाइपाभोवती उदबत्ती सावकाश फिरवत नेली. धूर सरळ वर जात होता. थ्रॉटलच्या मागे एका कोपरापाशी तो एकदम वाकला आणि पाइपात शिरला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका आजींनी नमस्कार केला.

पाइप नसेल तर वायर. सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली असणं हा आपल्या पार्किंगमधला फार मोठा रोग आहे आणि त्याचा वेगळा कोड कुणी अजून काढलेला नाही. सेन्सर बोलेनासा होतो, एवढंच कॉम्प्युटरला कळतं. उपाय म्हणून लोक बॉनेटखाली डांबरगोळ्या ठेवतात, तंबाखूची पानं ठेवतात. आमच्याकडे ठेवलेली तंबाखू दुसऱ्या दिवशी नसायची. ती उंदराने नेली की वॉचमनने, हे स्कॅनरवर दिसत नाही.

बाकी स्कॅनरवर नको तेवढं दिसतं. दोष नोंदला जातो त्या क्षणी गाडीची काय अवस्था होती, याची नोंद कॉम्प्युटर जपून ठेवतो. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या गाडीत दिवा लागला. काकांनी स्कॅनर लावून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं: इंजिनाचे फेरे ३८००, पाण्याचं तापमान ९१, वेग ताशी ११८ किलोमीटर. गृहस्थ म्हणाले, "काहीतरी चुकतंय. मी साठच्या वर जात नाही." त्यांचा मुलगा, ज्याने रविवारी गाडी "फक्त लायब्ररीपर्यंत" नेली होती, लिफ्टकडे सरकला. लिफ्ट नेमकी वर होती. कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते, ही माहिती त्या संध्याकाळी सोसायटीतल्या सगळ्या कॉलेजकुमारांपर्यंत पोचली. आता त्यांना गाडीच्या तब्येतीची इतकी काळजी वाटते, की रविवारी रात्री ते आपणहून काकांकडे स्कॅनर मागायला जातात.

माझ्या मेव्हण्याची गाडी बीएस-सिक्स डिझेल. तिच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर आहे. काजळी साठली की गाडी ती आतल्या आत सहाशे अंशांच्या आसपास तापवून जाळून टाकते. त्यासाठी तिला मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग पळायला मिळावं लागतं. मेव्हण्याचं घर ते ऑफिस या अंतरात अकरा सिग्नल आहेत. काजळी जळायला सुरुवात होते तोवर ऑफिस येतं, गाडी बंद. त्या अर्धवट जाळण्यासाठी फवारलेलं जादा डिझेल ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. पट्टी ओढून बघितल्यावर मेव्हणा खूश झाला होता. म्हणाला, "लोकांच्या गाड्या ऑइल पितात, आपली देते."

हे कळल्यापासून त्यांच्या घरी वरचेवर रविवारी एक्स्प्रेस वेची वारी असते. गाडीला हवापालट हवा, म्हणून सगळं कुटुंब लोणावळ्याला जातं. जाताना कुणी लघुशंकेसाठी थांबा म्हटलं तर मेव्हणा म्हणतो, "काजळी जळतेय, आता थांबता येणार नाही." सासूबाईंना हे अजून नीट कळलेलं नाही, जावयाला कसलातरी नवस फेडायचा असावा असं त्यांना वाटतं. गाडी बरी आहे. मेव्हण्याचं वजन चिक्कीने वाढलंय.

काही डिझेल गाड्यांना तर युरियाचं पाणी वेगळं पाजावं लागतं. साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया, बाकी शुद्ध पाणी. ते संपत आलं की गाडी "इतके किलोमीटर उरले" अशी उलटी मोजणी सुरू करते, आणि संपलं की पुढच्या वेळी चालूच होत नाही. हे ऐकून गावाकडच्या चुलत्यांनी उदारपणे सांगितलं, "बाजारातून कशाला आणतोस? आपल्याकडे दोन पोती पडलीत." शेतातला युरिया कडुनिंबाचं तेल चोळलेला असतो, २०१५ पासून सरकारनेच तो तसा सक्तीचा केलाय. तो टाकीत गेला तर पुढचं सगळं चोंदणार. चुलत्यांना हे पटलं नाही. "उसाला चालतो," ते म्हणाले.

एवढं सगळं करून माणूस पीयूसी काढायला जातो. पंपाच्या कडेला व्हॅन उभी असते. आतला मुलगा सायलेन्सरमध्ये नळी घालतो, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो. डॅशबोर्डवर काय लागलंय हे त्याला कुणी विचारायला सांगितलेलं नाही, आणि ऑक्सिजन सेन्सरशी त्याची ओळख नाही. गाडी आतून सांगत असते, "मी हवा बिघडवतेय". बाहेर छापील कागद येतो, "उत्तीर्ण". सर्टिफिकेट नसेल तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड आहे, म्हणून कागदाला मान. दिव्याला दंड नाही.

कॅलिफोर्नियात नेमकं उलट. तिथे माझा भाचा राहतो. २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांची तिथे तपासणी प्रामुख्याने त्या सोळा पिनांच्या सॉकेटमधूनच होते. पेट्रोलच्या टाकीतली वाफ कुठून निसटतेय का, हेही तिथल्या गाड्या स्वतः तपासतात. अर्ध्या मिलिमीटरचं भोक त्यांना पकडता येतं. भाच्याच्या गाडीत दिवा लागला, स्कॅनरने वाफेच्या गळतीचा कोड दाखवला. हुशार मुलगा. त्याने तपासणीच्या दिवशी सकाळी कोड पुसला, दिवा गेला आणि हसतमुखाने सेंटरवर पोचला. तिथल्या यंत्राने पहिल्या मिनिटात ओळखलं, की या गाडीची पाटी नुकतीच कोरी केलीय आणि आतल्या बऱ्याचशा चाचण्या अजून झालेल्याच नाहीत. नापास. आठवडाभर गाडी चालवून परत या. दोष काय निघाला? टाकीचं झाकण टिक्-टिक् वाजेपर्यंत घट्ट फिरवलेलं नव्हतं. त्याने हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा माझी बहीण एवढंच म्हणाली, "लहानपणापासून सांगतेय, डब्याचं झाकण नीट लाव."

मध्यंतरी धाकट्या भावाला जुनी गाडी घ्यायची होती म्हणून मिस्त्रींना घेऊन गेलो. विकणारे गृहस्थ फार गोड. पाचव्या वाक्याला त्यांनी सांगितलं, "चेक इंजिनचा दिवा कधी म्हणजे कधी लागला नाही बघा." मिस्त्रींनी किल्ली घेतली आणि गाडी चालू न करता नुसती एक खटका पुढे फिरवली. अशा वेळी डॅशबोर्डवरच्या इशाऱ्याच्या दिव्यांनी क्षणभर लागून आपण जिवंत असल्याचं दाखवायचं असतं. ऑइलचा लागला, बॅटरीचा लागला, एअरबॅगचा लागला. चेक इंजिनच्या जागी काळोख. मिस्त्रींनी काचेजवळ नाक नेऊन निरखून पाहिलं, किल्ली काढून गृहस्थांच्या हातात दिली आणि अगदी आदराने विचारलं, "काळी टेप आतून लावलीत, ती कुठल्या कंपनीची? आमची उन्हाळ्यात सुटते."